चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी परंड्याच्या स्टँडवर मी गावाकडच्या दोन गाड्या सोडल्या. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कागद पुन्हा उघडावासा वाटायचा. वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक छापला होता. मला एक्कावन्नावं लागलं होतं. माझा थोरला भाऊ बावन्नाव्या वर्षी भट्टीवर, उलथनं हातात असताना खाली बसला तो उठलाच नाही. म्हणजे माझ्या हिशोबानं माझ्याजवळ एक वर्ष होतं. हा हिशोब खुळेपणाचा आहे हे मलाही कळत होतं, पण तो डोक्यातून निघत नव्हता.

आमची खव्याची भट्टी आहे. भूम-परंडा भागात ज्याच्या दारात चार म्हशी, त्याच्या दारात चूल आणि कढई असतेच. आमच्याकडं चार कढया आहेत. दादा गेल्यावर दोन मी बघतो, दोन वहिनी बघतात.

भीतीपेक्षा मला राग जास्त आला होता. आमच्या घरात तीन पिढ्यांत मटण शिजलेलं नाही. गावात कंदुरीचं मटणाचं जेवण असलं की आम्ही हात जोडून आमंत्रण परत करतो. मंगळवारचा देवीचा उपास मी निरंकार धरतो. तंबाखू नाही, दारू नाही. दादाही असाच. त्याच्या तेराव्याला माणसं म्हणत होती, "माळकरी माणूस, सुपारीचं खांड तोंडात न्हाय, आन् असं कसं झालं?" मीही तेच म्हणत होतो. कोंबड्या फस्त करणारे माझ्या वयाचे लोक पारावर खुशाल बसलेत आणि आकडा माझा वाढलाय, हा कुठला न्याय?

डॉक्टरांना मी हे असंच सुनावलं. त्यांनी हृदयाची पट्टी काढली, ती बरी निघाली. मग विचारलं, "दुधाचा धंदा आहे ना? खवा खाता?"

"विकतो. खात न्हाय."

"तूप?"

"भाकरीवर घेतो थोडं."

"शाकाहारी म्हणजे नुसतं मटण न खाणं नव्हे. दूध-तूप झाडाला लागतं का? तीन महिने ते आवरा आणि रोज पाऊण तास चाला. नाही उतरलं तर गोळी."

"चालू कशाला? पहाटे चारपासून कढईत उलथनं हाणतो मी."

"एका जागी उभं राहून हाणता. पाय कुठं चालतात?"

यानं मला आणखी राग आला.

चालणं हे काम आमच्याकडं अवघड आहे. गावात माणूस शेताला जातो, डेअरीला जातो, नुसता जात नाही. पहिल्याच दिवशी चार मोटारसायकली थांबल्या. "बसा की मागं." नको म्हटलं तर, "गाडी बिघडली व्हय?" तिसऱ्या दिवशी गावात बोलवा उठली की माझं घरात भांडण झालंय आणि मी रुसून निघून जातो. एका पाव्हण्यानं तर गाडी आडवी लावून मला समजावलं, "ह्या वयात असं करू ने." शेवटी मी हातात रिकामी किटली घ्यायला लागलो. किटलीवाला माणूस कुठंतरी निघालेला असतो, त्याला कुणी काही विचारत नाही.

घरी बायकोनं तुपाची बरणी फळीच्या वर ठेवली. शेंगाच्या चटणीवर तेलाची धार थांबली. हुलग्याचं माडगं, मटकी, पालेभाजी, कोरडी भाकरी. मी सगळं गुमान खाल्लं, म्हणजे कुरकुर करत खाल्लं, पण खाल्लं. पँट कमरेला सैल झाली. दीड महिन्यातच मला दम निघेना. डॉक्टरांनी न सांगता मी जाऊन रक्त देऊन आलो. आकडा जरासा हलला होता, इतका की तो हललाय हे मलाच स्वतःला समजवावं लागलं.

त्या दिवशी भट्टीवर मी फार आदळआपट केली. तूप सोडलं, पाय झिजवले, आता काय हवा खाऊन राहू?

दुसऱ्या दिवशी वहिनींनी खिडकीत एक स्टीलची वाटी आणून ठेवली. मी पहिला घाण, म्हणजे एक कढई दूध, आळत आणला, कडेचा खवा चिमटीत घेऊन जिभेवर ठेवला. दुधाला वास आहे का, धूर लागलाय का, करपलंय का, हे जिभेलाच कळतं. वहिनींनी तेवढीच चिमूट कढईतून घेऊन वाटीत टाकली. मला वाटलं, देवाला काढत असतील. घाण उतरताना मी पुन्हा चव बघितली, त्यांनी पुन्हा चिमूट टाकली. त्यांच्या कढईतलं मला चाखायला दिलं, तेव्हाही टाकली. दुपारपर्यंत प्रत्येक घाणाला हेच. दुपारी जाळ ओढून घेतला तेव्हा त्यांनी ती वाटी माझ्यापुढं ठेवली. वाटीवर शीग आली होती.

"ह्ये काय?"

"तुमचं आजचं."

"म्या कुठं खाल्लं?"

"मग कुणी खाल्लं, भावजी?"

खव्याला हळूहळू तूप सुटत होतं. खरं सांगतो, मला लाज वाटली. आमच्या धंद्यात चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. भट्टीवाला ताटात खवा घेत नाही, त्याला तो नकोसा झालेला असतो. मंगळवारी निरंकार असतानाही मी चव बघतो आणि माझा उपास मोडत नाही. आजवर कुणी मोडला असं म्हटलंही नाही. डॉक्टरांना मी खोटं बोललो नव्हतो. उपाशीपोटी रक्त द्यायला गेलो त्या दोन्ही सकाळी दोन-दोन घाण जिभेवर घेऊन गेलो होतो आणि तिथल्या बाईला छातीठोकपणे सांगितलं होतं, "चहासुद्धा घेतला नाही."

त्या दिवसापासून जीभ बंद. आधी काहीच जमेना. खवा अंगठ्यानं चोळून बघायचा, नाकाशी धरायचा, कढई सोडतोय का ते बघायचं. तरी हात आपोआप तोंडाकडं जायचा. वहिनी लांबून "भावजी!" म्हणून ओरडायच्या. एक घाण धुरकट गेला आणि हॉटेलवाल्यानं परत पाठवला. त्या आठवड्यात मी सगळ्यांवर खेकसलो, म्हशींवरसुद्धा. मग हळूहळू नाकाला कळायला लागलं.

तीन महिने भरले तेव्हा खरोखर उपाशीपोटी गेलो. डॉक्टरांनी कागद बघितला आणि पहिल्यांदा हसले. आकडा चांगलाच खाली आला होता. पूर्ण जागेवर नव्हता. घरातच हा दोष असावा, म्हणाले, म्हणून बारीकशी गोळी घ्या आणि चालणं सोडू नका. मी त्यांना वाटीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, वहिनींनी तुम्हाला वाचवलं.

स्टँडवर येईपर्यंत मी हवेत होतो. पहिलीच गाडी पकडली. गाडी गावाजवळ यायला लागली तसा मी रिपोर्ट घडी करून खिशात घातला. वाचवलं म्हणे. मला वाचवलं. पण दादाही रोज हीच चव बघायचा. माझा आकडा जेवढा खाली आला, तेवढी दुसरी एक गोष्ट उघडी पडत होती आणि ती मला घरी जाऊन वहिनींना सांगायची होती. आकडा उतरला नसता तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. एक थांबा आधीच उतरून मी उरलेला रस्ता चालत गेलो.

वहिनी कढया घासत होत्या.

"उतरलं का?"

"उतरलं."

"लई?"

"बरंच. चालण्यानं उतरलं," मी म्हणालो. "खव्याचं इतकं काय न्हाय. दादाचं तर रक्तातच हुतं, डॉक्टर म्हणाले."

डॉक्टर दादाविषयी एक अक्षर बोलले नव्हते. वहिनींनी हातातली राख झटकली आणि माझ्याकडं बघितलं.

"पैल्या घाणाचा गोळा साखर लावून मीच देत हुते त्यांना. रोज. नको म्हणले तरी."

"वहिनी, तवा कुणाला ठावं हुतं? मलाबी न्हवतं."

एवढं एक मी खरं बोललो. त्या रडल्या नाहीत. कढई पालथी घातली, पदराला हात पुसले. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तिशीचा, बापासारखाच उंचापुरा.

"दर महिन्याला डबा भरून खवा धाडते मी त्याला," त्या म्हणाल्या. "भावजी, त्याला आत्ता फोन लावा."

मी तिथंच उभ्या-उभ्या फोन लावला.