चूल एकच लिहा

भरलेले फॉर्म वरच्या ऑफिसात जमा केले की ते सरकारचे होतात. किस्से मात्र कुणी जमा करून घेत नाही! मग ते आमच्याच घरी साचत जातात आणि चार माणसं चहाला बसली की बाहेर पडतात. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

लग्न होऊन मी जळगावहून बनारसला आले. नवरा रेल्वेत. घरात बसून कंटाळले आणि सर्वेच्या नोकरीला लागले. काम काय, तर गल्लीबोळांतून घराघरात जायचं आणि विचारायचं, "गेल्या महिन्यात तांदूळ किती लागला? डाळ किती? तेल, मीठ, साबण, काडेपेटी?" देशातली माणसं काय खातात, कशी राहतात, हे सरकारला अशानेच कळतं. माझ्या जोडीला शुक्लाजी, वयाने मोठे, तोंडात कायम पान. आणि आमच्या वर सुपरवायझर मिश्राजी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे.

*

घरं आम्ही निवडत नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांना नंबर द्यायचे आणि आकड्यांच्या तक्त्यातून जो नंबर निघेल त्याच घरात जायचं. शेजारचं घर कितीही बोलकं असो, तिथे जायचं नाही. हा नियम आम्हाला पाठ होता, पण गल्लीला कोण समजावणार?

एकदा एका घरातून निघालो तर शेजारीण दारात कमरेवर हात ठेवून उभी! "उनके यहाँ दो घंटा बैठे. हमारे घर में क्या लोग हवा खाते हैं?"

मी नियम सांगितला. तक्ता सांगितला. बाई ऐकेनात. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. खरंच वाईट वाटलं मला. आपल्याला कुणी कधी काही विचारत नाही, हे दुःख लहान नसतं.

शुक्लाजी शांतपणे त्यांच्या ओट्यावर बसले. एक कोरा फॉर्म काढला आणि तांदळापासून काडेपेटीपर्यंत सगळं लिहून घेतलं. बाईंनी दोनदा चहा पाजला.

संध्याकाळी मिश्राजींच्या हातात तो जादा फॉर्म लागला. "शुक्ला, ये किस घर का है?"

"साहब, ये मुहल्ले की शांति का है!"

*

आमच्या फॉर्मात पानालाही रकाना होता. बनारसमध्ये तो भरणं म्हणजे अवघडच काम.

एका साडीच्या व्यापाऱ्याच्या घरी विचारलं, "रोज किती पान?" त्यांनी समोर बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "यही, एक-दो. खाने के बाद." मी दोन लिहिले.

निरोप घेऊन बोळाच्या वळणापर्यंत आले, तर मागून धापा टाकत शेठ हजर. "बहिनजी, सरकार से झूठ नहीं बोलेंगे. दो नहीं, बारह लिखिए. लेकिन घर में बात न जाए."

मी बाराचा आकडा लिहिते आहे, तोच वरच्या खिडकीतून आवाज आला, "और बहिनजी, सुर्ती-तंबाकू भी लिख लीजिए! वो भी छिपाएँगे!"

*

आता एक नियम ऐका. जेवण जिथे शिजतं तिथेच ते मोजायचं. पाहुणा जेवून गेला तरी ते जेवण यजमानाच्या नावावर. साधा नियम आहे. पण तो करणाऱ्याने बहुतेक काशी पाहिली नसावी!

ब्रह्मा घाटावर एक गुरुजी राहायचे. एकटेच. मूळचे वाईचे, पण तीन पिढ्या इथेच, त्यामुळे मराठीत निम्मी हिंदी. मी गेले तेव्हा पितृपक्ष नुकताच संपला होता.

"गुरुजी, तांदूळ?" "नाही." "गहू?" "नाही." "डाळ? तेल?" "अहो बाई, पूर्ण पितृपक्ष मी दुसऱ्यांच्या घरी जेवलो. त्याच्या आधी अनुष्ठान होतं, तेव्हा पण यजमानाकडेच. माझा चूल्हा पेटलाच नाही." पोटावरून हात फिरवत ते मजेत हसत होते. मी एकाखाली एक शून्यं लिहीत गेले.

वरच्या ऑफिसातून प्रश्न आला, 'महिनाभर अन्न नाही, मग हा गृहस्थ जिवंत कसा?' शुक्लाजी म्हणाले, उत्तरात लिहून टाकू की बाबा विश्वनाथाची कृपा. मिश्राजी नको म्हणाले. स्वतः घाटावर चालत गेले, गुरुजींना पाहून आले आणि शेऱ्यात लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले. प्रकृती उत्तम.'

*

पंचगंगेच्या बाजूला एका नावाड्याचं घर नंबरात निघालं होतं. पावसाळ्याचं पाणी चढलेलं, नाव बंद. घरातली बाई माझ्याहून लहान, मांडीवर पोर. मी विचारत गेले, ती सांगत गेली. भात, मीठ, बटाटे. दुधाला तिने मान हलवली. नाही.

बोलता बोलता तिने चहा पुढे केला. दुधाचा चहा! शेजारून दूध मागवलं होतं, माझ्यासाठी. मला कानकोंड्यासारखं झालं. नको म्हणावं तर तिचा अपमान, प्यावं तर दूध उसनवारीचं. शेवटी प्याले.

आणि वर आमचा नियम! तिच्या घरात केलेला चहा, म्हणजे दूध तिच्या नावावर लिहायला हवं. मी तसं तिला सांगितलं, अगदी चोरट्यासारखं.

ती खुलली. "तो लिखिए न, बहिनजी. हमारे घर का भी दूध लिखा जाए."

*

आता शेवटचा सांगते. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

ब्रह्मा घाटाच्याच एका बोळात नाना राहत. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. खाली नाना आणि काकू, वर धाकटा भाऊ, बाळूकाका. बाळूकाकांची बायको आधीच गेलेली. पुढे नानांच्या मुलीच्या लग्नात मानपानावरून भावाभावांत वाजलं आणि बाळूकाकांनी वर वेगळी चूल मांडली. साठी ओलांडलेला माणूस, स्वतःच खिचडी करायचा, स्वतःच करपवायचा. करपल्याचा वास जिन्यावरून खाली येई आणि काकू हातातला घास ताटात ठेवत. पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. आधी कुणी बोलायचं, एवढ्यावरच अडलं होतं.

आमचा पहिलाच प्रश्न, "तुमच्या चुलीवर किती माणसं जेवतात?" कारण आमच्या खात्यात एका छपराखाली राहतात ते घर नव्हे. एका चुलीवर जेवतात ते घर.

नाना म्हणाले, "तीन."

काकूंचा निवडणारा हात सुपातच थांबला. वरून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

मी हळूच म्हटलं, "नाना, बाळूकाकांचं वर वेगळं आहे ना? मग इथे दोन लिहावे लागतील."

"घर एक आहे."

"नियम घराचा नाही, नाना. चुलीचा आहे."

"मग चूल एकच लिहा!" नानांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आई जाताना तिला शब्द दिलाय मी, चूल मोडणार नाही म्हणून. सरकारी कागदावर दोन चुली मी माझ्या तोंडाने सांगणार नाही."

मी एवढंच म्हटलं, "नाना, मी जागा कोरी ठेवते. उद्या दुपारी आमचे साहेब स्वतः तपासायला येतील. ते बघतील तेच लिहितील."

संध्याकाळी मिश्राजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चलो, कल देखते हैं." त्यांची तपासणी घरटी एकदाच. एकदा सही झाली की त्या घराकडे आमच्यापैकी कुणी फिरकत नसे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, तर स्वयंपाकघरात दोन पाट मांडलेले. एकावर नाना, एकावर बाळूकाका! दोघांच्या माना ताटात. काकू आमटी वाढत होत्या.

मला दाराशी ओढून त्यांनी कानात सांगितलं, "सकाळी हे वर गेले. स्वतः जिना चढून, इतक्या वर्षांनी! म्हणाले, सरकारी माणूस तपासायला येतोय, मी खोटा पडेन, जेवायला खाली चल. तर भाऊजी म्हणतात, सरकारी काम असेल तर नाइलाज आहे."

मिश्राजींनी बाळूकाकांना विचारलं, "आप यहीं खाते हैं?"

बाळूकाकांनी घास गिळला. "जी. यहीं खाता हूँ."

नाना ताटातून मान वर न करता म्हणाले, "अगं, त्याला भात वाढ. त्याला आमटीवर भात लागतो."

मिश्राजींनी स्वयंपाकघर पाहिलं. जिन्यातून वरही डोकावून आले. स्टोव्ह थंड होता. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, कोऱ्या जागेत तीन लिहिलं आणि खाली सही केली.

आम्ही निघालो. मिश्राजी उंबऱ्याबाहेर चपला घालत होते, तेवढ्यात काकू पदराला हात पुसत लगबगीने दाराशी आल्या. आत दोघांना ऐकू जाईल अशा बेताने उभ्या राहिल्या.

"साहब, अब फिर कब आएँगे जाँचने?"

मिश्राजींनी काकूंकडे पाहिलं. आतल्या दोन पाटांकडे पाहिलं. मग चांगला मोठा आवाज काढून म्हणाले, "अरे माताजी, बता के थोड़े ही आएँगे! कभी दोपहर को, कभी रात को. किसी भी दिन आ सकते हैं!"