घळीच्या टोकाचा डोह

माणसानं आयुष्यात एकदा तरी निर्जन दरीतून पायी जावं, म्हणजे त्याची स्वतःशी भेट होते. माझ्या निवृत्तीच्या सभेत एका पाहुण्यांनी हे सांगितलं. ते जीपमधून उतरून थेट व्यासपीठावर चढले होते. मी दरीतून पायी गेलो, पण स्वतःशी भेट काही झाली नाही. सोबत बायको होती.

जायचं तिच्याच मनात होतं. बोथ गावाच्या पुढे एका नदीची काळ्या खडकातली घळ आहे. उन्हाळ्यात ती कोरडी पडते. तिची आई त्या बाजूच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला जायची आणि घळीच्या टोकाला कधीच न आटणारा डोह आहे, असं सांगायची. पोरीला मात्र कधी नेलं नाही. आता पोरगी साठीला आली आणि गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दगडधोंड्यांतली चढउतार यापुढे विसरा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे डोह पाहायचा तर आत्ताच.

मार्चमधल्या एका सकाळी आम्ही घळीच्या तोंडाशी पोचलो. दोघंही शेतमजुरांची पोरं. शेतात गेलं की आधी भाकरी-पाणी बांधावरच्या झाडाला टांगायचं, मग कामाला लागायचं, हे हाडात मुरलेलं. तिनं पिशवी पळसाच्या फांदीला टांगली, मी फांदीवर मुंग्या नाहीत ना ते पाहिलं आणि आम्ही निघालो.

घळ मात्र खरोखर पाहण्यासारखी. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर धोतराच्या काठाएवढं आभाळ. पाण्यानं घासून खडकात रांजणासारखे खड्डे पाडलेले, त्यांत सागाची वाळलेली पानं. एका कपारीखाली आग्या मोहोळ लोंबत होतं. तिथून पुढे आम्ही न ठरवताच हळू बोलू लागलो. एवढं मोठं काम, पण कुठे कोनशिला नाही, कुणाचं नाव नाही. मला फार बरं वाटलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती दगडावर टेकली. "पाणी द्या."

"झाडाले हाये," मी म्हणालो. "तूच टांगलं."

"आन् तुमी मुंग्या पाहून राह्यले होते! जलमभर भूगोल शिकवला ना? मंग सांगा, पाणी कोठं हाये?"

"मांगं हाये. नक्की हाये."

"आन् म्होरं?"

"म्होरं तुया मायच्या सांगन्यावर हाये."

तिचा गुडघा सुजला होता. परत फिरू, असं मी म्हणालो.

"आता वापस गेली तं पुना येनं होत नाही," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर भार देऊन उठली.

खूप वेळानं घळ वळली आणि समोर डोह आला. हिरवट काळं, गार पाणी. कड्याची सावली त्यात उलटी उभी. एक खंड्या सूर मारून गेला. तिनं चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

"मायनं खोटं नाही सांगतलं," ती म्हणाली.

डोहाच्या पलीकडे सिमेंटच्या पायऱ्या होत्या, लोखंडी कठडा होता आणि वर सोड्याची गाडी होती. आम्ही सोडा प्यायलो. गाडीवाल्यानं विचारलं, "चालत काऊन आले?"

बोथहून तिथवर ऑटो येतो.