रूथला ठेवायचं कुठं?

शनिवारची दुपार होती. जबलपूरला सदर नावाच्या भागातल्या आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत बायांची प्रार्थनासभा भरली होती... गोष्ट फार जुनी आहे. साहेब लोक नुकतेच देश सोडून गेले होते आणि आमचा मुलुख अजून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांतच म्हणवला जात होता. माझं वय आज चौऱ्याण्णव. मी बोलून राहिले आणि नात टाइप करून राहिली. पण राग अजून ताजा आहे, म्हणून सांगते.

मी तेव्हा सतरा वर्षांची. मिशनच्या मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. आमचं घर मूळ अमरावतीकडचं... घरात मराठी, दाराबाहेर हिंदी.

त्या दिवशी सभेत एकच विषय होता, रूथ.

रूथ अनाथाश्रमात वाढलेली, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यात ती आया होती. बंगल्यातलं कुटुंब सामान बांधून विलायतेला गेलं आणि रूथ मागे राहिली... पाचव्या महिन्यात. मूल कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही. विचारणाऱ्यांना मात्र दुसरं काही सुचतच नव्हतं.

आधी एक भजन झालं. मग अध्यक्षबाई बोलल्या. एका हेडक्लार्कची बायको, शब्दाला वजन असलेली. त्यांनी सांगितलं की रूथनं सगळ्या मंडळीपुढं उभं राहून पाप कबूल करावं, तोवर उपासनेला येऊ नये. अनाथाश्रमानं तर आधीच हात वर केले होते. लहान मुलींवर वाईट परिणाम होईल म्हणे!

मग एकीनं सुचवलं, रूथसाठी प्रार्थना करू या. सगळ्यांनी डोळे मिटले... आणि रूथ बाहेर कडुलिंबाखाली आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसलेली होती. खिडकीतून सरळ दिसत होती.

माझा तोल गेला. मी उठले आणि मनात येईल ते बोलले. दर रविवारी दयेवरचं प्रवचन ऐकता, ती दया घरी जाताना कुठं टाकून देता? त्या बंगल्यातल्या पुरुषांना कुणी जाब विचारला का? तेही याच चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसत होते ना? कुणीतरी माझ्या आईबापांचे संस्कार काढले. पण मी थांबले नाही.

मी बोलत असतानाच दाराशी बसलेली एस्तेरमावशी उठून निघून गेली. एस्तेरमावशी म्हणजे आमच्या शाळेच्या बोर्डिंगची स्वयंपाकीण. विधवा बाई, नेपियर टाउन वस्तीत एका खोलीत एकटी राहायची. तिला वाचता येत नव्हतं, सभेत ती कधी तोंड उघडत नसे. मला तिचीही चीड आली... म्हटलं, हिला नोकरीची काळजी, बायांना नाराज कशाला करेल!

घरी आले आणि पाद्रीसाहेबांना चार पानी पत्र लिहिलं. नावं घेऊन घेऊन लिहिलं. लिहून झाल्यावर फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी पत्र घेऊन चर्चला गेले, तर समोरून एस्तेरमावशी येत होती आणि तिच्याबरोबर रूथ. रूथच्या अंगावर मावशीचं धुतलेलं लुगडं होतं. दोघी तिसऱ्या बाकावर बसल्या. त्या बाकावरच्या तीन बाया उठून दुसरीकडे गेल्या.

मी जाऊन मावशीच्या शेजारी बसले आणि मोठ्या ऐटीत हळूच सांगितलं की मी पत्र लिहिलं आहे, कुणाला सोडलं नाही.

मावशी म्हणाली, "चांगलं केलं बाई. पण पोरगी काल सकाळपासून उपाशी होती. तू बोलून राहिली होती, अन् मला तिचंच तोंड दिसून राहिलं होतं... म्हणून मी उठली. तिला घरी नेलं, जेवू घातलं."

एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही.

चार पानं लिहिली मी... आणि ती पोर काही खाऊन आहे का, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. ती जाणार कुठं, हेही नाही. पत्र तसंच घरी परत नेलं.

पुढच्याच आठवड्यात मावशीला बोर्डिंगच्या कामावरून काढलं. अशा मुलीला घरात ठेवणाऱ्या बाईच्या हातचं मुलींनी कसं खायचं, असं कारण दिलं.

पण या वेळी मी पत्र लिहिलं नाही. आम्ही पाच शिक्षिकांनी मावशीकडून जेवण घ्यायला सुरुवात केली. मावशी भाजी करायची, रूथ पोळ्या लाटायची आणि डबे मी स्वतः शाळेत न्यायची, अध्यक्षबाईंच्या दारावरून.

उन्हाळ्यात रूथला मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीसाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि बापाच्या नावापाशी त्यांची लेखणी थांबली. सगळं चर्च मान वळवून बघत होतं. रूथनं मान खाली घातली.

मावशी पुढं झाली. "साहेब, आजीचं नाव लिहायला जागा असन, तर माझं लिहा."

पाद्रीसाहेबांनी समासात तिचं नाव लिहिलं. त्या माणसाचे तेवढे उपकार मी मानते.

ती मुलगी पुढे नर्स झाली, आता नातवंडांत रमली आहे. रूथनं मावशीला शेवटपर्यंत सांभाळलं, पोटची लेक सांभाळेल तसं.

चर्चच्या भिंतीवर अध्यक्षबाईंच्या नावाची संगमरवरी पाटी आहे... "दयाळू सेविका" असं कोरलंय त्यावर. मावशीच्या नावाचा कुठं दगडसुद्धा नाही. या गोष्टीचाही मला राग येतो, आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

म्हणून निदान इथं तरी नाव लिहून ठेवते. तिचं नाव एस्तेर होतं. देव कसा असेल, हे मला तिच्याकडं बघून कळलं.