अक्काची शेवटची चाल

मोहऱ्यांची पेटी उघडली तसा डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी नांदेडच्या आमच्या जुन्या ओसरीवर जाऊन पोचलो.

अक्का देवणीला दिलेली. बुद्धिबळ मला तिनंच शिकवलं. उघडं पोस्टकार्ड तिच्या सासरी सगळेच वाचत, म्हणून ती त्यावर फक्त आपली चाल लिहायची. पांढरी मोहरी तिची, काळी माझी. राजापुढचं प्यादं सारून उंट बाहेर काढायचा, ही जुन्या धाटणीची सुरुवातही तिचीच.

एका दुपारी कार्ड आलं. "मी हरले. आता कार्ड टाकू नको." मी ओसरीभर नाचलो. बाबांनी पेढे आणले. माय तेवढी कार्ड हातात धरून म्हणाली, "अक्की अशी हार मानणारी न्हाई रे. कुणीतरी जाऊन या की."

"खेळ हाय तो," बाबा हसले.

पोळ्याच्या आधीच निरोप आला. पाय घसरून विहिरीत पडली, म्हणे.

त्यानंतर आज पहिल्यांदा तो डाव मांडला. पांढऱ्याचं काहीच बिघडलेलं नव्हतं. घोडा मागं घेतला असता तर डाव तिचाच होता, आणि ते तिला झोपेतही दिसलं असतं.

चाल पांढऱ्याची आहे. मी मघापासून नुसता बसून आहे.