बहिणीला दिलेलं बेणं

हळदीच्या बेण्यावर बोलायला आमच्या तालुक्यात मला बोलावलं जातं. ही फुशारकीच आहे, पण ती आत्ताच मारून घेतो, कारण पुढं मारायला जागा उरणार नाही.

बेणं म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखून ठेवलेले हळदीचे गड्डे. माझं भाषण ठरलेलं आहे. गड्डे साठवण्याआधी औषधाच्या पाण्यात बुडवा, सावलीत सुकवा, मऊ लागला तो गड्डा बाहेर काढा, त्याची अजिबात दया करू नका. मग मी आवाज खाली आणतो आणि सांगतो की कंदकुज एकदा मातीत शिरली, की त्या रानात वर्षानुवर्षं हळद सुखानं येत नाही. या वाक्याला पुढच्या रांगेतले लोक चहाचा कप तोंडापासून बाजूला घेतात. मला ते फार आवडतं.

त्या वर्षी ऐन हळद काढणीत लागोपाठ तीन गावांनी मला बोलावलं. बीजप्रक्रिया कशी करावी हे सांगत मी तीन गावं फिरलो आणि घरच्या बेण्याची बीजप्रक्रिया राहून गेली. आमच्या रानाच्या खालच्या टोकाला पावसाळ्यात पाणी तुंबलं होतं, तिथली पानं पिवळी पडली होती, हे मला ठाऊक होतं. तिथले गड्डे वेगळे ठेवायचे हेही मी ठरवलं होतं. पण ते मी मनात ठरवलं होतं आणि गड्डे मजुरांनी काढले. मी त्या वेळी वारंगा फाट्याजवळच्या एका गावात खांद्यावर शाल घेऊन उभा होतो. लिंबाखाली एकच ढीग लागला, त्यावर पाला पसरला, काम झालं.

उन्हाळ्यात धाकटी बहीण माहेरी आली. तिला वसमतकडं दिलेली आहे. आजवर त्यांच्या रानात कापूस आणि सोयाबीनच व्हायचं. त्या वर्षी विहिरीला पाणी टिकलं आणि त्यांनी पहिल्यांदा हळद लावायचं ठरवलं. आमचे दाजी हिशेबी माणूस. ते म्हणत होते की बेणं तपासून, पावती घेऊन विकत आणू. बहिणीनं त्यांना ऐकवलं, "माझ्या दादाचं बेणं असताना विकत? लोक काय म्हणतील?"

आमच्यात बहिणीला बेणं विकत नाहीत. पाच गड्डे ओटीत घालायचे आणि बाकीचं गाडीत चढवायचं. मी सहा कट्टे, म्हणजे सहा पोती, भरून दिले. ढिगाच्या वरवरचे, दिसायला टवटवीत. ती निघाली तेव्हा माझी छाती शर्टात मावत नव्हती.

पंधरा दिवसांनी आमच्या लागवडीसाठी मी तो ढीग उकरला. कोपरापर्यंत हात आत गेला आणि एका लगद्यात रुतला. वास असा आला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

बायको बाहेर आली. तिनं माझा हात बघितला, ढीग बघितला.

"भाषणात सांगता ती कंदकुज हीच का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"आन् ताईला दिलं ते?"

"त्याच ढिगातलं."

"मग करा फोन. सांगून टाका."

मी फोन केला. बहिणीनं उचलला आणि माझ्या तोंडून एकही अक्षर निघायच्या आत म्हणाली, "दादा, अख्खं गाव बेणं बघायला येऊन राहिलं! मी कट्ट्यांना हळदीकुंकू लावलं." मी पाण्याची चौकशी केली, भाच्याची परीक्षा विचारली, आणि फोन ठेवला.

"काहून न्हाई सांगितलं?" बायको म्हणाली. "आन् भरताना वास न्हाई आला? देवानं नाक काय चष्मा ठेवायलाच दिलं का तुमाला?"

बहिणीला दिलेली वस्तू परत मागणारा भाऊ आमच्या पंचक्रोशीत अजून जन्मला नव्हता. आणि न सांगावं, तर ती आठवड्याभरात लागवड करणार होती. तिची पहिली हळद नासेल, मातीही नासेल, आणि घरात जन्मभर तिला ऐकून घ्यावं लागेल. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी मी घाबरट माणसाला सुचेल तो उपाय काढला. चांगलं बेणं विकत घ्यायचं, तिच्याकडं जायचं आणि गुपचूप कट्टे बदलायचे.

वसमतला माझ्या ओळखीचे एक व्यापारी आहेत. त्यांच्या घरात आजोबांपासून हळदीचा धंदा. मी त्यांना चाचा म्हणतो, ते मला भाषणांमुळं गुरुजी म्हणतात. त्यांनी एक गड्डा मधोमध कापला, आधी स्वतः हुंगला, मग माझ्या नाकाशी धरला.

"गुरुजी, तुमी विकत बेणं घेऊन राहिले? तबियत बराबर हाय ना?"

"पाहुण्यांसाठी आहे," मी म्हणालो.

"पाहुणे नशीबवान," चाचा म्हणाले आणि मोठ्या आदरानं पैसे मोजून घेतले.

छोट्या टेम्पोत सहा कट्टे घालून भर दुपारी मी बहिणीच्या दारात उतरलो. दाजी बाहेर गेले होते, ते मुद्दाम विचारून घेतलं होतं. टेम्पो भिंतीआड लावला. बहीण हरखून गेली आणि भजी तळायला आत पळाली. मी म्हणालो, "गोठ्यात गार वाटतंय, मी तिथंच टेकतो." भाऊ माहेराहून येतो आणि गोठ्यात टेकतो, याचंही तिला काही वाटलं नाही. इतका तिचा विश्वास.

गोठ्यात सहा कट्टे ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या कपाळावर कुंकू. मी पहिल्याला मिठी मारून उचलला आणि मागच्या मागं पडता पडता वाचलो. कट्टा अर्धाच होता. दुसरा बघितला, तोही अर्धा. लावलं, अर्धं बेणं हिनं लावून टाकलं! मी तिसऱ्या कट्ट्यात डोकं घालून बघत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

"दादा, काय करून राहिला?"

"वजन बघून राहिलो," कट्ट्यातूनच मी म्हणालो. मग डोकं बाहेर काढलं. "अर्धं बेणं कुठंय?"

तिच्या हातात भज्यांची ताटली होती. तिचा चेहरा पडला. लहानपणी तिच्या हातून माझी पाटी फुटली होती तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता.

"मऊ लागत व्हते काही गड्डे," ती खाली बघत म्हणाली. "रोज थोडे निवडून काढले. ह्यांना न्हाई कळू दिलं. तुझं नाव खराब झालं असतं."

"तुला वास नाही आला?"

"आला की. पयल्याच दिवशी. मला वाटलं, माझंच नाक बिघडलं असंल. तुझं बेणं कसं सडंल, दादा?"

आयुष्यात मला भरपूर शाली मिळाल्या. त्या सगळ्या त्या क्षणी तिथं असत्या, तर मी त्या डोक्यावरून घेतल्या असत्या. मी तिला सगळं सांगितलं. तुंबलेलं पाणी, राहिलेलं औषध, भाषणं, भिंतीआडचा टेम्पो. ती ऐकत होती आणि भजी गार होत होती. मग मला एक भलतंच सुचलं.

"काढलेले गड्डे टाकले कुठं?"

"उकिरड्यावर."

"तो उकिरडा कुठं जातो?"

तिचे डोळे मोठे झाले. "हळदीच्या रानात," ती म्हणाली. "हे ट्रॉली आणायलाच गेलेत."

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरचा आवाज आला. आम्ही दोघं धावलो. मी पांढऱ्या कपड्यांत, ती ताटलीसकट. दाजी फावडं उचलणार एवढ्यात मी उकिरड्यावर चढून उभा राहिलो. दाजींनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"राम राम, दाजी," मी म्हणालो. वरून दुसरं काही सुचेना.

बहिणीनं निम्मं सांगितलं, मी निम्मं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बहिणीच्या हातातलं एक भजं तोंडात टाकलं.

"बराबर," ते म्हणाले. "भावानं नासकं दिलं, बहिणीनं लपवलं, आन् मी ते रानात पसरणार व्हतो. आपल्या घरात कामाची वाटणी लई चांगली हाय."

उरलेली दुपार तालुक्याचा हळदतज्ज्ञ शेणात कोपरापर्यंत हात घालून सडके गड्डे वेचत होता. बहीण शेजारी बसून वेचत होती. सापडलं ते, आणि सहाही कट्टे कुंकवासकट, बांधापासून लांब खड्डा करून जाळले. तरी दाजींनी ते खत हळदीच्या रानात जाऊ दिलं नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं. मग ड्रममध्ये औषध कालवून नवं बेणं सगळ्यांसमोर बुडवलं. बघायला जमलेल्यांना बहिणीनं सांगितलं की दादानं आधी चुकीचं बेणं दिलं होतं, आता बदलून आणलंय. तिनं ते इतक्या सहज सांगितलं की कुणी हसलंसुद्धा नाही.

तिची हळद चांगली आली. माझं बेणं तर त्या वर्षी संपलंच होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली ती तिच्याच हळदीच्या बेण्याचे चार कट्टे घेऊन. मी पुढं होऊन कट्टा उचलायला लागलो तर तिनं हात धरला. एक गड्डा काढून कोयत्यानं मधोमध कापला आणि माझ्या नाकाशी धरला.

"आधी हुंग," ती म्हणाली. "मग घे."

अंगणात बायको उभी होती, दाजी उभे होते. बहिणीनं आणलेली वस्तू तिच्यासमोर हुंगून घ्यायची मला लाज वाटत होती. पण ती हात खाली करेना. मग मी चष्मा काढला, डोळे मिटले आणि नीट हुंगलं.