तळ्याकाठी एक दिवस जास्त

आमच्या काळाचौकीच्या चाळीत कुणी मे महिन्यात बाहेरगावी जायचं नाव काढलं की गुणामावशी हातातलं काम थांबवून विचारायची, "तिथं पोचल्यावर पहिलं काय करणार?" कुठे जाणार, कशाने जाणार, खर्च किती, हे प्रश्न तिच्या लेखी दुय्यम होते. समोरचा गोंधळायचा. मग काहीतरी सांगायचा, आणि त्या उत्तरावरून मावशी त्याचं तळं ठरवायची.

चहा घेऊन बाजार बघणार, असं म्हणणाऱ्याला ती महाबळेश्वरला वेण्णा तलावावर धाडायची. तिथे होड्या, घोडे, भाजलेली कणसं, सगळं हाताशी. डोंगर चढणार म्हणणाऱ्याला भंडारदरा. पोरं पाण्यात खेळणार म्हणाली तर धरणाचं नावच घ्यायचं नाही, गावालगतचं उथळ तळं शोधायचं. "जिथं म्हशी उतरतात तिथंच पोरं उतरवायची," हा तिचा नियम होता. आणि कुणी ओशाळून म्हणालाच की काही नाही, नुसता बसणार, तर मावशी खूश. "बसणाऱ्याला सावली बघून तळं द्यायचं. पाणी कुठलंही चालतं."

ती चुकायचीही. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने फोटो काढणार असं सांगितलं, म्हणून तिने त्यांना एका निवांत जागी पाठवलं. दोघं ठरल्याआधीच परतली, एकमेकांशी न बोलता. मावशीने चूक लगेच कबूल केली. नव्या जोडप्याला आजूबाजूला माणसं लागतात, भांडण आवरायला, असं तिचं म्हणणं पडलं. मला मात्र तिने कधी तळं दिलं नाही. मी तेव्हा फोर्टमध्ये नोकरीला लागले होते आणि घरातल्या किराणापासून सणवारापर्यंत प्रत्येक गोष्टीची यादी करायचे. "विजू पोचल्यावर पहिली परतीच्या गाडीची वेळ बघणार," ती सगळ्यांदेखत म्हणायची. "हिला तळं कशाला? हिला एसटी स्टँड पुरे."

ही विद्या तिला गिरण्यांच्या संपाने दिली. त्याआधी तिची खाणावळ होती. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले गिरणीतले लोक तिच्याकडे दोन वेळा जेवायचे. संप लांबला तसे ते एकेक करून कोकणात निघून गेले आणि मावशीचे मोठाले टोप माळ्यावर पालथे पडले. मग दादरच्या एका सहलवाल्या गृहस्थांना स्वयंपाकीण हवी होती, ते काम तिने धरलं. उन्हाळाभर ते नोकरदार कुटुंबांना कुठल्या ना कुठल्या तळ्याकाठी घेऊन जात आणि मावशी तिथे तीन दगडांच्या चुलीवर चाळीस माणसांचं जेवण रांधी. भाकरी थापता थापता कोण काय करतंय ते बघत राही.

आमच्या चाळीत मे महिना म्हणजे गाव, दुसरं काही नाही. पण संपानंतर गावची घरं परत गेलेल्या भावाभावजयांनी भरली होती. त्यात आणखी आपली तोंडं घेऊन कुठे जायचं, या संकोचाने लोक मुंबईतच राहू लागले. त्यांची पोरं उन्हाळाभर गॅलरीत बसलेली बघून मावशीनेच एकेका घराला एखाद्या तळ्याची वाट दाखवली. सगळ्यांना तळी वाटणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र एक माणूस होता, जो काही केल्या हलत नव्हता.

तो म्हणजे तिचा नवरा, बाबीकाका. ते विणखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावरही पहिल्या पाळीच्या वेळेला ते रोज गेटवर जाऊन उभे राहायचे. पूर्वी बदली कामगार म्हणून लागले तेव्हाची ही सवय. त्या काळी गेटवर जो हजर त्याला काम, जो नाही त्याचं नशीब. पुढे ते कायम झाले, पण मनातून बदलीच राहिले. शेजारच्या चाळीतला नारायणही त्यांच्यासोबत असायचा. तासभर उभं राहायचं, एक चहा दोघांत घ्यायचा आणि परत यायचं. आईच्या वर्षश्राद्धालासुद्धा काका गावी गेले नाहीत. मावशीने भंडारदऱ्याचं नाव काढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

"गेट उघडला आणि मी नसलंय तर?"

रात्रपाळीत दुसरीकडे वॉचमनकी करून सकाळी झोपायच्या वेळी ते गेटवर उभे असत. दिवसा त्यांचा डोळा लागत नसे. माणूस वाळत चालला होता. एकदा तळ्यावरून परत आल्यावर मावशी मला म्हणाली, मी तिथं गार वाऱ्यात बसते आणि हा इथं बंद दाराला टेकून उभा, मला तो वारा लागत नाही गं.

शेवटी तिने त्यांच्या जातीचं तळं शोधलं. शहापूरच्या पुढे एक लहानसा पाझर तलाव होता आणि काठाला सहलवाल्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं घर. मे महिन्यात पाणी अर्ध्यावर आलेलं, होडी नाही, बाजार नाही. पण जांभळाची दाट सावली होती, आणि मुंबईहून सकाळी निघालं तर दुपारी पोचता यायचं. परत फिरायचं मनात आलं तरी तसंच. न हलणाऱ्या माणसाला असंच तळं लागतं, ती म्हणाली, जिथून घर पाठीमागे दिसत राहतं. जाण्यायेण्याचा बेत मी आखून दिला. एकच मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकऱ्याचा भाजीचा टेंपो शहापूरला जायचा, त्यात बसून परत. नारायणने गेटवर डोळा ठेवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे काका तयार झाले.

ते दोघं एका दिवसाऐवजी दोन दिवसांनी परतले. मी चाळीच्या दारातच होते. त्यांना काही सांगायच्या आधी काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्याच दिवशी सकाळी गेट उघडलं होतं. विणखात्याचा एक भाग सुरू करायचा म्हणून बाहेर उभ्या असलेल्यांतले काही जण, त्यात नारायणही, तिथल्या तिथे आत घेतले गेले. नारायणने काकांचं नाव सांगितलं, उद्या येतील म्हणाला, पण आतल्या साहेबाने उद्याचं उद्या बघू म्हणून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी काका गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. दार उघडलं नाही. मग त्यांनी जाणंच सोडलं.

कुणालाच ते काही बोलले नाहीत, मावशीला तर नाहीच. तिने मात्र सहलवाल्यांना निरोप पाठवला की आता जमणार नाही, आणि चाळीत कुणी तळ्याचं नाव काढलं तरी ती भांडी आवाज करून घासू लागायची. ती गिरणी काही वर्षांनी कायमचीच बंद झाली, तेव्हा बायका तिची समजूत घालायला आल्या. बघ, आत गेलेलेही बाहेरच आले ना, असं त्या म्हणाल्या. मावशी म्हणाली, "आले ते नंतर आले. पण ह्याला एकदा आत जायचं होतं."

तिचा खरा सल त्या बायकांना ठाऊक नव्हता. तो तिने मला सांगितला, बऱ्याच वर्षांनी, कोळंबी सोलताना. तळ्यावर पहिल्या दिवशी काका जेमतेम बसले होते. शेतकऱ्याने तळ्यातला मासा आणून दिला तर त्याला नावं ठेवली की ह्याला समुद्राचा वास नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळाखाली टेकले आणि त्यांचा डोळा लागला. संप सुरू झाल्यापासून मावशीने त्यांना दिवसा असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तोंड उघडं, एक चप्पल पायात, एक बाजूला. तेवढ्यात टेंपो आला आणि त्याने भोंगा वाजवला. मावशी वाटेवर धावत गेली आणि ड्रायव्हरला हाताने पुढे जा म्हणाली. काका उठले तेव्हा तिने सांगितलं की आज टेंपो आलाच नाही, उद्या येणार.

"त्याच एका दिवसाच्या उशिरात गेट उघडलं, विजू," ती म्हणाली. "मी त्याला चोरून झोप दिली आणि त्याचं काम घालवलं."

मी तिला समजावलं. झोपेची त्यांना गरज होती, हे सांगितलं. बेत मीच आखला होता, त्यात परतीची दुसरी गाडी हाताशी ठेवायला हवी होती, असंही म्हणाले. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तिथेच यायची. तिने काकांना सांगून टाकावं असं मला वाटत होतं. पण ती घाबरायची. मारतील म्हणून नव्हे, गप्प बसतील म्हणून.

अखेर एकदा ती आजारी पडली, ताप उतरेना, आणि त्या तापात तिने सांगून टाकलं. बरी झाल्यावर तिनेच मला सगळं ऐकवलं, संतापाने लाल होऊन. काकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवला आणि म्हणाले, "टेंपो इलो तेव्हा मी जागो होतंय."

भोंगा त्यांनी ऐकला होता. ती धावत गेली तेही डोळे किलकिले करून पाहिलं होतं. पण उठावंसं वाटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेटवर जावंसं वाटलं नाही, आणि नेमकं दुसऱ्याच सकाळी गेट उघडलं. ही लाज ते कुणाला सांगणार? मग इतकी वर्षं मला का जाळलंत, असं मावशीने विचारलं, तर त्याचंही उत्तर होतं. तळ्यावरून आल्यापासून ती माशाच्या आमटीतली मधली तुकडी त्यांच्या पानात वाढायची, शेपटी स्वतःला घ्यायची, भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात.

"सांगलंय असतंय," काका म्हणाले, "तर मधली तुकडी गावली नसती."

मावशीने आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. आता ती त्यांना बघून घेईल, असं मला वाटलं. पण पुढच्या रविवारी गेले तर मधली तुकडी पुन्हा काकांच्याच पानात. मी तिच्याकडे बघितलं. ती काका ऐकतील अशा आवाजात म्हणाली, "वाढते मुद्दाम. आता हा खाताना मान वर करत नाही. बघायला बरं वाटतं."

त्यानंतर ती पुन्हा लोकांना तळी वाटू लागली. दोघं मिळून मात्र पुन्हा कुठे गेले नाहीत. दर वर्षी ठरायचं, दर वर्षी तिच्या गुडघ्यांचं निमित्त व्हायचं. एका पावसाळ्याच्या शेवटी मावशी गेली, फार न झिजता.

त्या सुमारास मी चाळ सोडून राहायला गेले त्या सोसायटीच्या उन्हाळी सहली आखायला लागले होते. नाव नोंदवणाऱ्याला मी पहिला प्रश्न मावशीचाच विचारते. त्यामुळे निम्मे तंटे आधीच मिटतात. मावशीच्या माघारी आलेल्या पहिल्या मे महिन्यात मी काकांकडे गेले. शहापूरच्या पुढे ते तळं अजून आहे, शेतकऱ्याच्या मुलाने राहायची सोय केली आहे, आमच्यासोबत चला, असं म्हणाले. ते खिडकीपाशी बसले होते. पोचल्यावर पहिलं काय करणार, हे मी त्यांना विचारलं नाही. ते येतो म्हणाले, पण एका अटीवर.

"गाडी इली की माका उठव, बाय. झोपलेलो दिसलंय तरी हाक मार. मी जागोच असतलंय."