ईटची दिवटी

भूमला वीज आली आणि लोकांनी जुने दिवे असे टाकून दिले, जणू इतकी वर्षं त्यांनीच अंधार केला होता. मला त्याचा राग यायचा. मी शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून हातानं घडवलेले दिवे मागून आणायचे. दगडात कोरलेले, मातीचे, लोहारानं ठोकून केलेले. सासूबाई म्हणायच्या, "लोकांच्या सुना दागिने आणतात, आमची भंगार आणते."

जवळच्या ईट गावातल्या एका शेतकऱ्यानं मला लोखंडी दिवटी दिली. खाली मुठीत धरायचा दांडा, वर तेलाची वाटी, वाटीवर हातोडीचे घाव अजून दिसत होते. मी खूश होऊन ती लाकडी खोक्यात बाकीच्या दिव्यांसोबत ठेवली.

दिव्यांच्या अवसेला त्या शेतकऱ्याची म्हातारी आई सकाळच्या एसटीनं येऊन दारात उभी राहिली.

"बाई, माजी दिवटी कुठं हाय? म्या लेकीकडं गेलते, पोरानं इचारलं बी न्हाय. सासूनं माज्या हातात दिलीया ती. आजच्या दिवशी कदी बिनवातीची ऱ्हायली न्हाय." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

मी खोकं उघडलं तर रिकामं. सासूबाईंनी भंगारवाल्याला दिलं असणार, दुसरं काय! तणतणत स्वयंपाकघराकडे गेले आणि दारातच थबकले.

पाटावर माझे सगळे दिवे राखेनं घासून मांडलेले, प्रत्येकात वात. मधोमध ज्वारीच्या राशीत दांडा खोचून ईटची दिवटी उभी होती, पेटलेली.

"घरात आले ते घरचेच दिवे," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सणाच्या दिवशी त्यांना खोक्यात उपाशी ठेवायचं?"

म्हातारी मटकन खाली बसली, हात जोडले. मला इतकं हायसं वाटलं की मीही तिच्याशेजारी बसले.

पेटलेला दिवा विझवून न्यायचा नाही, म्हणून ती वात आपोआप शांत व्हायची वाट बघत राहिली. पण ज्योत जरा मंदावली की सासूबाई सवयीनं तेल घालायच्या. दोघींच्या गप्पांत ईटची शेवटची गाडीही निघून गेली. दुसऱ्या दिवशी दिवटी म्हातारीच्या पिशवीतून घरी गेली.

मी दिवे पुसून परत खोक्यात ठेवत होते.

"माळ्यावर पत्र्याच्या डब्यामागं बघ," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंची दिवटी आहे. काढ. पण खोक्यात नाही ठेवायची."